गोळीला जोगं सांबर

सह्याद्रीच्या पायथ्याला एका गावात बुधा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द सासरवाडीचा. त्याची बायको आवडी वेगळाच शब्द वापरायची, पण तो लिहिण्याजोगा नाही. काळ जुना होता. शिकारीला बंदी नव्हती.

डोंगरउतारावर आवडीची नाचणी उभी होती. आठ दिवसांत कापणीला आली असती. वर्षाची भाकरी तेवढीच. आणि रोज संध्याकाळी एक सांबर येऊन त्यात शिरायचं.

आवडीने माहेरून बापाची ठासणीची बंदूक आणली, नवऱ्याच्या हातात दिली नि सांगितलं, सांबर मारा.

बुधाने बंदुकीत छर्रे ठासले, होल्यासारख्या पाखरांना मारायचे ते. बार काढला. सांबराने कान खाजवला आणि पुन्हा कणसाला तोंड लावलं.

गावात झिलूमामा म्हणून म्हातारा शिकारी होता. तो म्हणाला, "अरे, हलक्याला हलकं, जडाला जड. एवढं ध्यानात धर."

बुधाने ध्यानात धरलं. दुसऱ्या दिवशी सासू-सासरे आले. सासू काटकुळी, सासरे चांगले भरलेले. बुधाने सासूला फुलपात्रात पाणी दिलं. सासऱ्यांपुढे हंडा आणून ठेवला नि ते पिऊन संपवायची वाट बघत उभा राहिला.

सासरे म्हणाले, "जावई, समोरच्याला आधी विचारावं, किती हवं. मग द्यावं."

हेही बुधाने ध्यानात धरलं. संध्याकाळी तो बंदूक घेऊन बांधावर गेला. सांबर आलं. बुधाने अदबीने विचारलं, "केवढी गोळी देऊ?" सांबर आल्या पावली रानात पळालं. बुधा घरी येऊन सांगू लागला की त्याला आज काही नको होतं.

आवडी त्याला दंडाला धरून झिलूमामाकडे घेऊन गेली. मामाने कपाळाला हात लावला. मग एकेक शब्द सुटा सुटा करून सांगितलं. जनावराला विचारायचं नसतं, डोळ्यांनी तोलायचं असतं. सहा मणांच्या सांबराला अडीच तोळ्यांची गोळी. पिल्लावर, रोडक्यावर ती वाया घालवायची नाही.

"गोळीला जोगं जनावर असेल," मामा म्हणाला, "तरच बार काढ."

घरात शिसं नव्हतं. आवडीने मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं सोडली, चुलीवर वितळवली, गोळी ओतली. एकच झाली. ती तिने स्वतः ठासून दिली, कारण एवढ्या दिवसांत तीही काही शिकली होती.

पहिल्या संध्याकाळी बार ऐकू आला नाही. दुसऱ्या, तिसऱ्याही नाही. बुधा मात्र रोज हसतमुखाने घरी यायचा. विचारलं की म्हणायचा, काम मार्गी लागलंय.

चौथ्या दिवशी आवडी कोयता घेऊन उतारावर गेली.

नाचणी नव्हती. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसते खुंट. मधोमध सांबर बसलेलं, पोट फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी बुधा. बंदूक बाजूला ठेवलेली. तो शेवटच्या पेंढीतली कणसं निवडून एकेक त्याच्या तोंडात देत होता.

आवडीने विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

"हळू बोल, बिचकेल," बुधा म्हणाला. "आलं तेव्हा नीट तोललं मी डोळ्यांनी. चारच मणांचं होतं. आपली गोळी सहा मणांची. तू एवढं जाळ्याचं शिसं वितळवून केलेली, ती वाया कशी घालवू?"

त्याने सांबराच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"पाच मणांवर आणलंय. आता मणभरच कमी आहे. घरात बियाण्याचं मडकं आहे ना, तेवढं घेऊन ये."