आधी शाल-नारळ

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रणनवरे साहेबांपुढे कुणी ब्र काढत नसे. त्यांच्या लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. एका बैठकीत ते नेहमीसारखे लांबलचक प्रास्ताविक करत लॅपटॉपला नावं ठेवत होते. त्यांच्या हाताखालच्या हेमांगी शिंत्रेने मध्येच तोंड उघडलं, "दोष लॅपटॉपचा नाही, सर. टर्मिनल सुरू होताना जी फाइल चालते, तिचा आहे."

ती फाइल साहेबांनी स्वतः लिहिलेली. "मग करा दुरुस्त," ते कडाडले. "पण माझं एकही अवजार काढायचं नाही. जमलं नाही तर सगळ्यांसमोर माफी मागायची."

हेमांगीने फाइल उघडली. खिडकी उघडताच साहेबांची झाडून सगळी अवजारं, म्हणजे कामाचे छोटे-मोठे प्रोग्रॅम, लागोत न लागोत, एकामागून एक लोड होत होती. तिने एकही काढलं नाही. ज्याचं नाव टाइप होईल तेच तेव्हा लोड व्हावं, एवढी सोय केली. साहेबांनी बटण दाबलं आणि खिडकी झटक्यात हजर.

"केलंत काय?"

"आपल्या समारंभात आधी सगळ्यांना शाल-नारळ देतात आणि कार्यक्रम ताटकळतो, तसं चाललं होतं. मी पाहुणे तेवढेच ठेवले. सत्कार आता ज्याच्या त्याच्या वेळेला."

साहेब वरमले, पण हटेनात. "इतकं सोपं होतं, तर आजवर सांगितलं का नाही?"

हेमांगी ताठ मानेने म्हणाली, "दर बैठकीला सांगायलाच येत होते, सर. तुमचं प्रास्ताविक आज पहिल्यांदा मध्ये थांबलं."