निळ्या हत्तीची वर्गणी

डोंगराच्या पायथ्याशी एक फार जुनी पेठ होती, आणि त्या पेठेत बकुळा नावाची आठ वर्षांची मुलगी रोज ऊन उतरायच्या आत दाराला कडी लावून बसत असे. कडीने काही अडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत असे.

पूर्वी या पेठेत एकही भिंत कोरी नव्हती. कुठे लालचुटूक घोडे, कुठे पोपटी वेली, कुठे सोनसळी मासोळ्या. दरवर्षी प्रत्येक दुकानदार चित्रांसाठी वर्गणी देई आणि त्या पैशातून बकुळाचे बाबा, नागोजी चितारी, भिंती पुन्हा ताज्या करत. पण तीन वर्षांपूर्वी पेठेचे मुख्य भिकुशेट सभेत म्हणाले, की भिंतींना काही पोट नसतं, त्यापेक्षा वेशीला मोठं कुलूप घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलूप आलं. नागोजींच्या घरात मात्र कण्यांची पेज तेवढी उरली.

हळूहळू चित्रं फिकी झाली आणि मग डोंगरावरून सावट उतरलं.

ते ओल्या राखेसारखं होतं, आणि त्याला आवाज नव्हता. रोज ऊन उतरलं, की कुलपाखालून ते अलगद आत येई. ज्या भिंतीवरून जाई, तिथलं चित्र पुसून टाकी. त्यात सापडलेली माणसं मरत नसत, पण नुसती बसून राहत. त्यांना भूक लागत नसे. स्वतःची मुलं ओळखू येत नसत. आधी तांबटांची गल्ली गेली, मग तेल्यांची. नागोजी उरलासुरला रंग घेऊन अत्तर गल्लीतला घोडा वाचवायला धावले, आणि शेजाऱ्यांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. बकुळाने हाक मारली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं.

आता फक्त मधला चौक उरला होता. तिथल्या उंच भिंतीवर पेठेचा राखणदार, निळा हत्ती, होता. पण त्याचाही रंग उडून नुसती पुसट रेघ राहिली होती. तो पुन्हा रंगला, तरच सावट अडलं असतं.

बकुळाने बाबांचा कुंचला आणि तीन रिकाम्या वाट्या उचलल्या. फुलांचा रंग तरी काढू, असा विचार करून ती सकाळीच पेठेमागच्या बागेत गेली. बागेच्या कुंपणापर्यंत सावट आलं होतं. आणि तिथेच, गोकर्णीच्या वेलीखाली, काहीतरी इवलंसं फडफडत होतं.

ती परी होती, बोटभर उंचीची. तिचे चतुरासारखे चमचमते पंख राखेत अडकले होते. बकुळाला पळून जावंसं वाटलं. पण फडफड मंद होत चालली होती. तिने डोळे घट्ट मिटले, हात राखेत घातला आणि परीला बाहेर काढलं. तिची दोन बोटं बधिर झाली. तरी तिने परकराच्या टोकाने एकेक पंख पुसला, अगदी हलक्या हाताने.

पंखांतून रुपेरी चांदणचुरा सांडला. परीने तिला तीन इच्छा देऊ केल्या. बकुळाने विचारही केला नाही. तिला हत्तीसाठी रंग हवे होते, लाल, पिवळा आणि निळा.

परीचा चेहरा गंभीर झाला. "रंग कुठून तरी यावा लागतो, बाळे," ती म्हणाली. "जो रंग मागशील, तो कुणाच्या तरी डोळ्यांतून द्यावा लागेल. आणि तो ज्याचा त्यानेच, आपखुशीने द्यायला हवा."

बकुळाने इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं.

"मग माझा घे," ती म्हणाली.

एक वाटी कुंकवासारख्या लाल रंगाने भरली, आणि समोरचं जास्वंदीचं फूल तिच्या डोळ्यांदेखत करडं झालं. दुसरी वाटी पिवळ्याधमक रंगाने भरली, आणि ऊन करडं झालं. वर फक्त आभाळ तेवढं निळं उरलं होतं. तेही दिलं, तर सगळं जग त्या सावटासारखं दिसणार होतं, कायमचं.

"परी, मला भीती वाटते," ती म्हणाली आणि रडू लागली.

परी रागावली नाही. भीती वाटली म्हणून इच्छा मोडत नाही, तिसरी राखून ठेव, असं तिने सांगितलं. फक्त दिवस मावळायच्या आत परत ये म्हणाली.

बकुळा दोन वाट्या घेऊन चौकात आली आणि हत्तीची झूल रंगवू लागली. भेदरलेली माणसं भोवती जमली. गंगाक्का कासारीण, जिच्या दुकानातल्या बांगड्या बकुळा रोज लांबून बघायची, तीही आली. तिने पाहिलं, की पोर कधी या वाटीत कुंचला बुडवतेय, कधी त्या.

तिने बकुळाची हनुवटी वर केली. "यातला लाल कोणता गं?"

बकुळाला सांगता येईना. मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. ऐकता ऐकता भिकुशेट मटकन खाली बसले. एवढ्याशा पोरीने एकटीने पेठेची वर्गणी भरली होती, आणि तीही आपल्या डोळ्यांतून.

तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. अजून ऊन होतं, तरी सावट चौकाच्या तोंडाशी आलं होतं. बागेची वाट त्याच्या पोटात गेली होती.

गंगाक्काने बकुळाचा हात धरला. तिचा हात दुसऱ्याने धरला, त्याचा तिसऱ्याने. दोनशे माणसांची माळ राखेत शिरली. आत गार होतं. पावलांचा आवाजही येत नव्हता. मागून एकेक जण थांबू लागला, कारण आपण कुठे निघालोय हेच त्याला आठवेना. बकुळा घाबरली, पण तिला पेठेतली सगळी माणसं ठाऊक होती. ती एकेकाचं नाव घेऊन हाक मारू लागली. नाव ऐकलं, की माणूस पुढचं पाऊल टाकी.

भिकुशेट अगदी मधोमध उभे राहिले होते. "मी कोण?" ते लहान मुलासारखे पुटपुटले.

"तुम्ही भिकुशेट," बकुळा म्हणाली. "तुमचं कापडाचं दुकान आहे. चला शेटजी, माझ्याबरोबर चला."

बागेत परी वाट बघत होती. तिने विचारलं, निळा रंग कोण देणार? जन्मभर करडं आभाळ बघायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? शेवटी बकुळाच पुढे झाली. गंगाक्काने तिला मागे ओढलं.

"तू दोन दिलेस, पुरे झालं," ती म्हणाली आणि परीकडे वळली. "बाई, एकानेच सगळा द्यायचा, असा नियम आहे का? आम्ही दोनशे जण आहोत. प्रत्येकाने चिमूट चिमूट दिला तर?"

परी खुदकन हसली. असा नियम मुळीच नव्हता. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग प्रत्येकाने चिमूटभर निळा दिला, आणि तिसरी वाटी मोरपिसासारखी झळाळली. भिकुशेट मात्र बाजूला झाले नाहीत. बकुळाचे लाल-पिवळे रंग परत करता येतील का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. परी म्हणाली, त्याला इच्छा लागत नाही, कुणी आपणहून दिलं तर मी नुसती ओंजळ धरते. सगळ्यांत आधी भिकुशेटांनी दिलं. त्यांच्यामागे सारे आले. परीने ती इवलीशी ओंजळ बकुळाच्या पापण्यांवर रिती केली, आणि जास्वंद पुन्हा लालबुंद झाली.

नावं घेत घेतच सगळे परतले. सावट भिंतीच्या पायथ्याशी पोचलं होतं. बकुळा शिडीवर चढली. मोठ्या माणसांनी शिडी धरली, वाट्या धरल्या. निळं अंग भरत गेलं, पाय, कान, सोंड. राख शिडीच्या पहिल्या पायरीला लागली, दुसऱ्या पायरीला लागली. बकुळाचा हात थांबला नाही. शेवटचा फटकारा बसला आणि सावट हत्तीच्या पायांपाशी थबकलं. मग ते मागे सरलं. चौकातून, गल्ल्यांतून, वेशीखालून, पार डोंगरापलीकडे गेलं. गल्लोगल्ली माणसं डोळे चोळत उठली.

"सोंडेला अजून थोडं वळण दे, बकुळे," मागून आवाज आला.

बाबा उभे होते. बकुळा शिडीवरून थेट त्यांच्या गळ्यात पडली.

परी हत्तीच्या मस्तकावर क्षणभर बसली. तिच्या पंखांतून लाल, पिवळा, निळा झगमगाट पसरला, सगळा चौक उजळला, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

त्या वर्षीपासून पेठेची वर्गणी पुन्हा सुरू झाली. नागोजी भिंती रंगवू लागले आणि बकुळाच्या ताटात रोज गरम भाकरी येऊ लागली. पेठेतल्या मोठ्या माणसांना मात्र आभाळ जन्मभर किंचित फिकं दिसत राहिलं. त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.