मंदिकेची शेळी आणि राजाचे औषध

पूर्वी कुंभवती नगरीवर धृतवर्मा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व सीमेवरच्या एका गावात मेंढपाळांच्या कुळी जन्मून पशुवैद्य झाले होते. त्या वर्षी शेळ्यांमध्ये देवीची साथ आली. सौम्य देवी येऊन गेलेली शेळी पुन्हा आजारी पडत नाही, हे बोधिसत्त्वांच्या ध्यानात आले. त्यांनी अशा शेळीची खपली कुटली आणि बाभळीच्या काट्याने आपल्या शेळीच्या कानाला टोचली. तिला एकच फोड आला, थोडा ताप आला, आणि भर साथीत ती तगली.

बातमी कळताच अमात्य शीघ्रदत्त घोडा दौडवत आला. "आधी राजाच्या पाचशे शेळ्या. तोवर दुसऱ्या कुणाच्या शेळीला टोचायचे नाही!"

शेजारच्या म्हाताऱ्या मंदिकेकडे एकच शेळी होती, आणि तिची नात त्या दुधावर वाढत होती. ती म्हणाली, "अहो, राजाच्या पन्नास गेल्या तरी त्याला दूध मिळेल. माझी एक गेली तर पोरीनं काय प्यावं?"

अमात्याने ते कानाआड केले. "उन्हात खपली दोन दिवसांत निकामी होते," असे बोधिसत्त्वांनी बजावले, तरी तो खपलीच्या भुकटीची पुडी घेऊन राजधानीकडे गेलाच. पुडी वाटेतच निकामी झाली, आणि आठव्या दिवशी तो तोंड पाडून परत आला. साथ तोवर शेजारच्या गावीही पोहोचली होती.

"मग न्यायची कशी?" त्याने विचारले.

"शेळीवरून शेळीवर. टोचलेल्या शेळीला सात दिवस चालवू नये. म्हणून एका गावात टोचायचे, फोडावर खपली धरली की ती ताजी खपली पुढच्या गावी न्यायची. वाटेत सात गावे आहेत."

"मग टोच ना लवकर! जवळ असेल ती शेळी घे!"

जवळ मंदिका आपल्या शेळीची दोरी धरून उभीच होती.

"पण एकाच शेळीला टोचले आणि तिचा फोड वाया गेला, तर पुढच्या गावी काय नेणार?" बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले. झाले! अमात्य स्वतः दारोदार ओरडत फिरला, "प्रत्येक घरची शेळी आणा!" सातही गावांत त्याने हेच केले. लोक त्याला तोंडभर आशीर्वाद देत, आणि तो गोंधळून जाई.

अखेर राजाच्या शेळ्यांनाही टोचून झाले. सारी हकिकत ऐकून राजा पोट धरून हसला. "अरे, माझ्या पाचशे शेळ्यांपायी तू अख्ख्या मुलखाच्या शेळ्या वाचवल्यास!" असे म्हणून त्याने आपली शाल अमात्याच्या खांद्यावर घातली. तिकडे मंदिकेची नात दुधाच्या मिशा मिरवत अंगणभर नाचत होती.

भिक्षेच्या रांगेपाशी ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची मंदिका म्हणजे आज आपल्याला दूध वाढणारी ही उपासिका. धृतवर्मा राजा म्हणजे तिच्यामागे हसत उभा असलेला तिचा भाऊ. शीघ्रदत्त म्हणजे रांगेत सर्वांच्या पुढे घुसलेला हा आपला तरुण भिक्षू. वैद्य तर मीच होतो. रागावाचून सर्वांचे हित साधणे, ही करुणेला जोडलेली प्रज्ञा होय."

सारे हसले. तरुण भिक्षूही हसला, आणि पात्र घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.