लोकरीचे सपाते आणि शेपटीचा तारा

बर्फाच्या डोंगरांच्या देशात, एका चिमुकल्या गावात योहांका नावाची मुलगी राहायची. गाल सफरचंदासारखे, केस पिकल्या गव्हासारखे, आणि पायांत बूट असे की वरून बूट, खालून नुसती हवा. आईनं आत पुठ्ठा घातला होता. पण पुठ्ठाच तो! दवात भिजायचा, फाटायचा, आणि उजव्या पायाचा अंगठा हळूच बाहेर डोकवायचा.

वर्गातला ब्रूनो म्हणायचा, "योहांका, तुझा अंगठापण शाळेत आलाय. त्याची हजेरी लावायची का?"

सगळी मुलं हसायची. योहांका पाय बाकाखाली घ्यायची, इतके मागं की गुडघे दुखायचे.

गावाच्या वर, डोंगरावर, पांढऱ्या बुरुजांचा एक राजवाडा होता. राजे कधीचेच गेले होते. आता तिथं कुणालाही जाता येई. एका बाजूला पाहुणे मुक्कामाला उतरत, त्यांच्या चादरी योहांकाची आई धुवायची. जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात मुलं व्हायोलिन शिकत. आणि मधोमध होतं नाचघर. त्याची जमीन लाकडाची, मधासारखी पिवळी, आणि तिच्यात काळ्या-पांढऱ्या लाकडाचे तारेच तारे जडवलेले.

त्या जमिनीवर ओरखडा पडू नये म्हणून एक रीत होती. दारात मोठ्ठी टोपली असायची, तिच्यात जाड लोकरीचे करडे सपाते. आपल्या बुटांवरूनच ते चढवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. मंत्री आला तरी सपाते, मेंढपाळ आला तरी सपाते. सपात्यांची निगा राखणारे मातेय आजोबा रोज संध्याकाळी एकेक सपाता उलटा करून ब्रशानं झाडायचे, मग तळव्यावरून बोट फिरवून बघायचे.

योहांकाला ही रीत फार आवडायची. का, ते सांगतो. सपाते घातले की सगळ्यांचे पाय सारखे. कुणाचे बूट चकचकीत आणि कुणाचे फाटके, काही कळायचं नाही.

एके दिवशी शिक्षकबाईंनी जाहीर केलं, "उद्या आपण राजवाडा बघायला जाणार!"

दुसऱ्या दिवशी योहांका सगळ्यांच्या आधी वर पोचली. बागेतून रांगेनं जाताना अंगठा दिसणार, ब्रूनो हसणार, तेही राजवाड्यात! तिनं इकडंतिकडं बघितलं, दारातल्या टोपलीतला एक जोड उचलला आणि बागेत येऊन बुटांवर चढवला. मुलं आली, तशी ती कुंपणामागून निघून गुपचूप रांगेत मिसळली. बागेतल्या वाटेवर पांढरी बारीक खडी होती. लोकरीला खडी चिकटते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

नाचघरात शिरल्यावर मुलांनी एकमेकांकडं बघितलं. गुळगुळीत जमीन आणि पायांत लोकर! जो तो घसरू लागला. "सुर्रर्र!" योहांकाही घसरली, दारापासून खिडकीपर्यंत, पक्ष्यासारखे हात पसरून. तिच्या पायाखाली काहीतरी वाजलं.

कर्रर्र.

एका मोठ्या ताऱ्यापासून थेट खिडकीपर्यंत लांब पांढरा ओरखडा उठला होता. सपात्यात रुतलेला खडा तिनं पटकन उपटला आणि मुठीत दाबला. कुणी पाहिलं नव्हतं.

वाड्याचा कारभार बघणाऱ्या रोझालियाबाई आल्या. ओरखडा बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मातेय, सपाते तपासले होते ना?"

"तपासले होते, बाई. एकूण एक."

"मग हा ओरखडा काय आकाशातून पडला?"

आजोबा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग टोपी काढून म्हणाले, "एखादा खडा माझ्याच नजरेतून सुटला असणार. म्हातारे डोळे."

"मग हे काम आता तुमच्याच्यानं व्हायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड गेलं. "उद्यापासून येऊ नका."

योहांकाच्या मुठीतला खडा निखाऱ्यासारखा पोळायला लागला. ती धावत सुटली ती थेट बागेत, पिवळ्या गुलाबाच्या झुडपामागं जाऊन बसली.

"रडून झालं की सांग हं," एक बारीक, घुंगरासारखा आवाज आला. "मला घाई नाही."

गुलाबाच्या पाकळीवर एक इवलीशी परी बसली होती. चतुरासारखे झिरमिळ पंख, दवाच्या मण्यांचा मुकुट, आणि अंगावर सकाळच्या उन्हाचा झगा.

"तू मला एक इच्छा देशील?" योहांकानं डोळे पुसत विचारलं. "तो ओरखडा पुसून टाकशील?"

"तुला जे हवं ते माग. पण माझे नियम आहेत. जिथं लाज वाटते ना, तिथंच उभं राहून मागायचं. आधी कारण सांगायचं, खरंखुरं. आणि सगळं मोठ्यानं. मी फार जुनी आहे, पोरी. कुजबुजलेलं मला ऐकू येत नाही."

"सगळ्यांसमोर?"

"जे असतील त्यांच्यासमोर."

"मग मला इच्छाच नको," योहांका म्हणाली आणि तिनं तोंड गुडघ्यांत लपवलं.

परी रागावली नाही. पाकळीवर पाय हलवत सांगू लागली, "हा वाडा आधी गढी होता. भिंती जाड, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी, आणि गावकऱ्यांनाच बाहेर ठेवायचं. मग भिंती फोडून मोठ्या खिडक्या केल्या, नाचघर झालं. आत मेजवान्या, आणि खाली गावात चुली थंड. मग लढाई आली. नाचघरात जखमी माणसांच्या खाटा लागल्या. तेव्हा कुठं हा वाडा पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला. जमिनीवर नीट बघ. दाराशी घोड्याच्या नालाची खूण आहे. खिडकीपाशी खाटांच्या चाकांच्या रेघा आहेत. वाड्याला काय कमी लाज वाटली असेल? पण तो काही लपवत नाही. येईल त्याला दाखवतो."

तेवढ्यात पावलं वाजली. मातेय आजोबा ब्रश काखेत मारून घरी निघाले होते. झुडपाशी थबकले. गुलाबाला नाक लागेल इतके वाकले.

"कोण, योहांका का? बाळा, एक सांगशील?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "हे गुलाब पिवळेच आहेत ना? की मला नुसतं तसं वाटतंय?"

योहांका उठून उभी राहिली. "पिवळेच आहेत, आजोबा. तुमचे डोळे चांगले आहेत. चला माझ्याबरोबर."

तिनं त्यांचा हात धरला, दारात सपात्यांचे तळवे नीट झटकले आणि त्यांना नाचघरात नेलं. मुलं, शिक्षकबाई, रोझालियाबाई, सगळी तिथंच होती. ती ओरखड्यापाशी उभी राहिली. कान लालबुंद झाले होते. मग तिनं मूठ उघडली.

"हा खडा माझ्या सपात्यात होता," ती मोठ्यानं म्हणाली. "मी न विचारता सपाते घेतले आणि बागेतून घालून आले. आजोबांचं काही चुकलं नाही."

"बागेतून? का गं?" रोझालियाबाईंनी विचारलं.

योहांकानं सपाते काढले. अंगठा बाहेर आला. कुणीच हसलं नाही. ब्रूनो स्वतःच्या पायांकडं बघत राहिला.

रोझालियाबाई खाली बसल्या. "मी रोज सपाते बघते," त्या हळूच म्हणाल्या, "आतले पाय कधी बघितलेच नाहीत. मातेय, माफ करा मला. उद्या या. आजच थांबा!"

आता इच्छा उरली होती. योहांकाला बूट मागता आले असते. ओरखडा पुसून टाक, असंही म्हणता आलं असतं. तिनं त्या लांब, उघड्या, पांढऱ्या रेघेकडं बघितलं. सगळे त्या रेघेकडंच टक लावून होते. योहांकाला ते फार ओळखीचं वाटलं.

"परीताई," ती मोठ्यानं म्हणाली, "या जमिनीला ओरखड्याची लाज वाटू नये."

खिडकीतून सोनेरी उजेड आत सांडला. उजेडात परी भिरभिरली, ओरखड्यावरून एकदा अलगद सरकली, आणि रेघ चांदीसारखी झळझळली. मोठ्या ताऱ्याला लांबच लांब, लखलखती शेपटी फुटली होती!

"बघा, शेपटीचा तारा!" ब्रूनो ओरडला.

उजेड वाढत गेला, इतका की सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. योहांकाच्या पायांत मात्र गुलाबी, मऊ बूट होते, आणि त्यांच्या तळव्यांना कधीच खडा चिकटत नाही.

आजही त्या वाड्यात कुणी गेलं, की मातेय आजोबा सपाते देतात आणि सांगतात, "बाकीचे तारे राजाच्या वेळचे. हा शेपटीवाला मागाहून आला."

"कुणी आणला?" मुलं विचारतात.

योहांका तिथं असली तर पुढं येते. अजूनही तिचे कान लाल होतात. पण ती सांगते, "मी."