बांधाच्या पायथ्याचे पाणी

वेत्रनगरावर दृढवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव भद्रक. नगराच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते आणि तळ्याला मातीचा बांध. पावसाळा सरला की भद्रक त्या बांधाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई, कुठे भेग दिसते का पाही, आणि सभेत येऊन सांगे, "बांध पक्का आहे." तीस वर्षे त्याने हे केले. त्याच्या त्या एका वाक्यावर सगळे नगर निर्धास्त असे.

बांधाच्या पायथ्याशी धुण्याचे दगड होते. तिथे बायका अंघोळी करीत, म्हणून पुरुषाने तिकडे उतरायचे नाही असा रिवाज. दुसरा रिवाज असा की बाईने सभेत पाऊल टाकायचे नाही. तिची काही तक्रार असली तर घरातल्या पुरुषाने येऊन मांडायची. दोन्ही रिवाज जुने होते. त्यांत कोणाला काही वावगे वाटत नव्हते, भद्रकालाही नाही.

राजा वारला. मुलगा नव्हता, सुयामा नावाची एकच मुलगी. सभेतल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ खल केला आणि ठरवले की मार्गशीर्षी पौर्णिमेपर्यंत तिने गादी सांभाळून पाहावी. जमले तर गादी तिची, नाहीतर तिचा चुलतभाऊ सेनापती वीरक याची.

सभा भरताना नगारा वाजे. पहिल्या टोल्याला सुयामा दचकायची. तिचे खांदे वर जायचे, डोळे क्षणभर मिटायचे, आणि मागच्या रांगेत खुसखुस सुरू व्हायची. वीरक मोठ्याने काही बोलत नसे. नगाऱ्यावर गोणपाट घाला रे, एवढेच शेजाऱ्याला सांगे.

भद्रकाला तिची काळजी वाटे. लहानपणापासून ती त्याला काका म्हणत आली होती. एकदा त्याने तिला सल्ला दिला की शिक्षा सौम्य कर, चार अपराध पोटात घाल, लोक तुला आई म्हणतील आणि गादी आपोआप तुझी होईल.

सुयामा म्हणाली, "नको, काका. आईला कोणी जाब विचारत नाही. मला विचारावा."

भद्रकाला हे काही नीटसे पटले नाही. मुलगी आहे, शिकेल हळूहळू, असे त्याने मनाशी म्हटले.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना सुयामाने त्याला अंतःपुराच्या ओसरीवर बोलावले. तिथे तमाली नावाची परटीण एक ओले धोतर पसरून उभी होती. धोतर पांढरे असायला हवे होते, ते तांबूस दिसत होते.

"पाऊस जाऊन दोन महिने झाले, राणीबाई," तमाली म्हणाली, "आणि आमच्या दगडांपाशी पाणी गढूळ येतंय. घरधन्याला दोनदा सांगितलं, सभेत जाऊन बोला. तो म्हणाला, धोतराच्या डागासाठी सभेत जाऊ, लोक हसतील."

भद्रक म्हणाला की तळे भरले की थोडे पाणी झिरपायचेच, त्यात नवल नाही. तमालीने त्याच्याकडे पाहिले. "झिरपणारं पाणी निवळ असतं, अमात्यजी. मी पंधरा वर्षं त्याच पाण्यात धुते. हे माती घेऊन येतंय."

सुयामा उठलीच. बायकांना वर्दी देऊन दगड रिकामे करवले आणि भद्रकाला घेऊन ती पायथ्याशी उतरली. एका दगडाच्या मागून बोटाएवढी धार वाहत होती, लाल चिखलाची. भद्रकाने तिच्याखाली ओंजळ धरली. ओंजळीत माती साचली. माथ्यावर केसाएवढी भेग नव्हती. बांध आतून पोकळ होत होता. खाली नगराची निम्मी घरे होती.

तळ्याचे पाणी उतरवून बांध उकरायचा आणि पुन्हा माती ठोकून भरायचा, तर हजार माणसे हवी होती. तेवढी माणसे फक्त सैन्यात होती. सैन्य हलवायला सभेचा होकार लागे आणि सभा पौर्णिमेलाच भरणार होती, आणि पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी वीरक ते सैन्य घेऊन शेजारच्या राजाच्या कुरणावर चालून जाणार होता.

बांधाची गोष्ट वीरकाच्या कानावर गेली होती. पौर्णिमेच्या सकाळी तो भद्रकाच्या घरी आला. अगदी आदराने बसला. म्हणाला, "काका, सभेत नवीन काही बोलू नका. दरवर्षीचंच वाक्य बोला. अमात्यपद तुमच्याकडे राहील, तुमच्यानंतर तुमच्या मुलाकडे. आणि तीस वर्षांचं नावही राहील." खोटे वृत्त देणाऱ्या अमात्याची पगडी उतरवून पद काढून घ्यावे असा त्या नगराचा कायदा होता, हे दोघांनाही ठाऊक होते. भद्रकाने त्याला पाणी दिले आणि दारापर्यंत पोचवले.

सभा भरली. नगारा वाजला, सुयामा दचकली, मागे खुसखुस झाली. तिने बांधाची हकीकत सांगितली आणि सैन्य बांधावर हवे म्हणाली.

वीरक उभा राहिला. "नगाऱ्याला दचकणारीला सगळीकडे भगदाडंच दिसायची. एका परटिणीच्या सांगण्यावरून सैन्य माती वाहणार? अमात्यांनाच विचारा."

सगळ्यांनी भद्रकाकडे पाहिले.

"तीस वर्षं मी तुम्हाला सांगत आलो की बांध पक्का आहे," भद्रक म्हणाला. "मी फक्त माथ्यावरून चाललो. खाली कधी उतरलो नाही, आणि उतरणाऱ्यांना कधी विचारलं नाही. बांध पोखरला आहे. मी ओंजळीत धरून पाहिलंय."

तो पुढे म्हणाला, "आणखी एक. दृढवर्मा महाराजही पहिल्या टोल्याला दचकत. मी त्यांच्या मागे बसायचो, मला दिसायचं. आपण त्याला महाराजांचा आवेश म्हणायचो."

म्हातारा नगारेवाला मान खाली घालून हसला. त्यालाही ते दिसत असे.

मग भद्रकाने आपली पगडी स्वतःच उतरवली आणि सुयामापुढे ठेवली. सभेला वाटले, काका म्हणते, बाईचे मन, ती पगडी परत देईल. सुयामाचे डोळे भरले होते. तिने पगडी उचलून बाजूला ठेवली. "बाबांनी ठेवून घेतली असती," ती म्हणाली. "मीही ठेवून घेते."

वडीलधाऱ्यांनी सैन्य बांधावर पाठवले. बांध उकरला तेव्हा आत माणूस रांगत जाईल एवढे बीळ निघाले. ते पाहून वीरकाने स्वतः टोपली उचलली. गादी सुयामाकडे राहिली. पुढच्या सभेपासून बायका आपली तक्रार आपण मांडू लागल्या, आणि भद्रक रोज दुपारी, दगड रिकामे असताना, पायथ्याच्या पाण्याखाली पांढरा वाडगा धरून ते निवळ आहे का पाहू लागला.

एकदा कोणीतरी त्याला विचारले, गादीवर बाई बसल्याने काय फरक पडला?

भद्रक म्हणाला, "दचकायची दोघंही. शिक्षाही दोघांनी हीच केली असती. फरक एवढाच की तमाली तिच्यापर्यंत पोचू शकली. तो दरवाजा महाराजांनाही उघडता आला असता. त्यांनी उघडला नाही, आणि मीही सुचवलं नाही."

ही कथा सांगणारा शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, इथे थांबला. संघाच्या विहिरीची दुरुस्ती भिक्खुणी शीलवतीकडे सोपवली म्हणून कुरबुर करणारे भिक्खू समोर बसले होते. तो म्हणाला, "भिक्खूंनो, तेव्हाची सुयामा म्हणजे आजची शीलवती. तमाली म्हणजे विहिरीचे पाणी खारट लागते हे पहिल्यांदा सांगणारी उपासिका रोहा. वीरक कोण होता ते तुमच्यातल्या एका भिक्खूला कळले आहे. टोपली त्यानेही उचलली होती, हे त्याने विसरू नये. आणि तीस वर्षे माथ्यावरून चालणारा अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, साधली, ती बांध पक्का आहे असे सांगताना नव्हे, पगडी उतरवताना."