बेडकूचं अळू ऑफिसात गेलं

एक होता बेडकू. केवढा? तुझ्या अंगठ्याएवढा!

एका ऑफिसच्या मागे होता नळ. नळ गळायचा. टप, टप, टप! नळाखाली होती कुंडी. कुंडीत होतं अळू. मोठ्ठी मोठ्ठी पानं, हत्तीच्या कानासारखी. पानाखाली राहायचा बेडकू. पानावर पडायचं पाणी, टप! बेडकू म्हणायचा, "ड्रांव!"

एके दिवशी काय झालं? ऑफिसातले साहेब म्हणाले, "ऑफिसात हिरवळ हवी! निसर्ग हवा, निसर्ग!"

अहो, खिडकी उघडा की! बाहेर सगळा निसर्गच आहे! पण छे. खिडकी बंद. पडदा बंद. आत एसी. भूऽऽऽ!

मग शिपाई म्हादबाने दोन कुंड्या आणल्या. एक आणली बाजारातून. तिच्यात होता गुलाब. लाल लाल, प्लास्टिकचा! दुसरी उचलली नळाखालून. ती होती बेडकूची!

बेडकू गेला होता फिरायला. टुण्, टुण्, टुण्! परत येतो तर काय? कुंडी नाही! अळू नाही! घरच नाही!

"ड्रांऽऽव! माझं घर कुठे गेलं?"

बेडकूने शोधलं इकडे. बेडकूने शोधलं तिकडे. शोधता शोधता गेले चार दिवस! मग दाराखालच्या फटीतून शिरला ऑफिसात. आणि तिथे त्याला दिसलं अळू. बिचारं अळू! पानं पिवळी. मान खाली.

"बेडकू, बेडकू, पाणी," अळू म्हणालं. "गुलाबाला रोज पाणी घालतात. मला रोज फडक्याने पुसतात."

काय पण हुशार माणसं! प्लास्टिकला पाणी पाजतात! तहानलेल्याला पुसत बसतात!

बेडकू म्हणाला, "थांब हं अळू. मी पाणी आणतो."

टुण्, टुण्, टुण्! बेडकू गेला झारीकडे. झारी होती पाण्याने भरलेली. डुबुक, डुबुक!

"झारी, झारी, पाणी घाल!
अळू मान उचलेना,
बेडकूला घर मिळेना!"

झारी म्हणाली, "मी नाही घालणार, जा! माझं तोंड गुलाबाकडे. म्हादबा वळवेल तर घालीन."

टुण्, टुण्, टुण्! बेडकू गेला म्हादबाकडे. म्हादबा गुलाबाला पाणी घालून दमला होता. स्टुलावर बसला होता.

"म्हादबाकाका, झारी वळवा!
झारी पाणी घालेना,
अळू मान उचलेना,
बेडकूला घर मिळेना!"

म्हादबा म्हणाला, "न्हाई वळवणार, जा लेका! बाई म्हणाल्या गुलाबाला, म्हणून गुलाबाला. मी कशाला डोकं चालवू? बाई सांगतील तर वळवीन."

टुण्, टुण्, टुण्! बेडकू गेला वेलणकरबाईंकडे. बाई बसल्या होत्या कॉम्प्युटरपुढे. कट, कट, कट! कॉम्प्युटरवर होतं चित्र. कशाचं? जंगलाचं! बाई चित्राकडे बघत म्हणत होत्या, "अहाहा, काय हिरवंगार!" आणि शेजारी अळू सुकत होतं. वळून बघतील तर शपथ!

"बाई, बाई, सांगा ना!
म्हादबा झारी वळवेना,
झारी पाणी घालेना,
अळू मान उचलेना,
बेडकूला घर मिळेना!"

बाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार, जा! साहेबांची घंटी वाजल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. घंटी वाजेल तर सांगीन."

टुण्, टुण्, टुण्! बेडकू गेला घंटीकडे. घंटी होती साहेबांच्या टेबलावर. टेबल होतं उंच. बेडकू चढला खुर्चीवर. खुर्चीवरून टेबलावर. हुश्श!

"घंटी, घंटी, वाज ना!
बाई काही सांगेना,
म्हादबा झारी वळवेना,
झारी पाणी घालेना,
अळू मान उचलेना,
बेडकूला घर मिळेना!"

घंटी म्हणाली, "मी नाही वाजणार, जा! मी काय शाळेची घंटा आहे? मी साहेबांची घंटी! साहेब दाबतील तर वाजेन."

बघा बघा, एवढीशी घंटी, आणि केवढा तोरा!

साहेब तिथेच बसले होते. मोठ्ठ्या खुर्चीत. गोल गोल फिरत होते. कर्र कर्र, कर्र कर्र! काम काय? काही नाही. नुसतं गोल गोल!

"साहेब, साहेब, दाबा ना!
घंटी काही वाजेना,
बाई काही सांगेना,
म्हादबा झारी वळवेना,
झारी पाणी घालेना,
अळू मान उचलेना,
बेडकूला घर मिळेना!"

साहेबांनी बेडकूकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितलं अळूकडे. नाक मुरडलं. म्हणाले, "कोण बोलतंय? मी नाही दाबणार, जा! असल्या मरगळलेल्या झाडाला कोण पाणी देतं? आधी अळूने मान उचलावी. ताठ उभं राहावं. मग दाबीन घंटी!"

ऐकलंत का? आधी मान उचलायची, मग पाणी प्यायचं! वा रे साहेब! वा रे तुमचा निसर्ग!

पण बेडकू काय करणार? टुण्, टुण्, टुण्! बेडकू परत गेला अळूकडे.

"अळू, अळू, मान उचल!
साहेब घंटी दाबेना,
घंटी काही वाजेना,
बाई काही सांगेना,
म्हादबा झारी वळवेना,
झारी पाणी घालेना,
बेडकूला घर मिळेना!"

अळू म्हणालं अगदी हळू, "कशी उचलू रे बेडकू? पाणी मिळेल तर उचलीन."

आणि अळूचं एक पान गळून पडलं. फट!

बेडकूला आलं रडू. मग रडू थांबलं. मग आला राग! गाल फुगले. पोट फुगलं. डोळे झाले बटाट्याएवढे!

"पुरे!" बेडकू म्हणाला. "ड्रांऽऽऽव!"

टुण्! गेला खुर्चीवर.
टुण्! गेला टेबलावर.
टुणूऽऽक! गेला कुठे? थेट साहेबांच्या डोक्यावर!

डोक्यावर होतं टक्कल. गुळगुळीत आणि गार गार. बेडकू बसला ऐटीत.

"ओय ओय ओय!" साहेब ओरडले. "ओलं ओलं काय आहे हे?"

बाई धावत आल्या. म्हणाल्या, "निसर्ग आहे, साहेब!"

"नको नको! निसर्ग नको! बेडूक! बेडूक! तो त्या अळूतून आला! ते अळू बाहेर न्या!"

साहेब चढले खुर्चीवर. खुर्ची फिरली. कर्र कर्र! साहेब चढले टेबलावर. थयथय नाचले. धप, धप, धप! आणि पाय पडला, कशावर? घंटीवर!

साहेबांनी घंटी दाबली. हाताने नाही, पायाने!
घंटी वाजली. टर्रऽऽऽ!
बाईंनी सांगितलं, "म्हादबा, अळूला पाणी घाल! आणि कुंडी बाहेर ने!"
म्हादबाने झारी वळवली.
झारीने पाणी घातलं. झुळझुळ, झुळझुळ!
अळू पाणी प्यायलं. घट, घट, घट!
आणि अळूने मान उचलली. हळूऽऽ, हळूऽऽ, वर!

मग म्हादबाने कुंडी उचलली. "आगं आई गं," म्हणत बाहेर नेली. नळाखाली ठेवली.

बेडकूने मारली उडी. साहेबांच्या डोक्यावरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर, दाराखालच्या फटीतून बाहेर! टुण्, टुण्, टुण्! आणि शिरला पानाखाली.

बेडकूला घर मिळालं!

टप! पानावर पडलं पाणी. "ड्रांव!" म्हणाला बेडकू.

तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला. खिडकी उघडली, एवढीशीच. आतून आलं एक नाक. नाक होतं साहेबांचं. साहेब म्हणाले, "अळू नेलंत होय? मग आमची हिरवळ कुठे? आमचा निसर्ग कुठे?"

बेडकूने पानाखालून डोकं काढलं. गाल फुगवले. आणि म्हणाला,

"हिरवळ हवी? मग ये की बाहेर! पण बूट काढून ये!"

गोष्ट गेली पाण्याला,
चला आता जेवायला!