खडकात खोचलेल्या डहाळ्या

एका डोंगराच्या पायथ्याला एक म्हातारी कासवीण राहायची. कुठल्या सालात कोणतं पाणी टिकलं, कोणता कंद कडू निघाला, सगळं तिच्या ध्यानात. तिचं घर मुरमाड खडकाच्या पोटात, आणि खडकाला भोकं होती सात. ज्याला काही विचारायचं त्यानं एका भोकाला तोंड लावायचं आणि तिथे पाल्याची डहाळी खोचायची. दुसऱ्याच्या डहाळीपाशी कुणी जायचं नाही, हा रानाचा रिवाज. विचारून झालं की डहाळी काढून न्यायची. आत कासवीण एकेका डहाळीपाशी जाई, "बोल बाळा" म्हणे आणि समोरचा बोलेपर्यंत थांबून राही. खडकाची राखण काटेरी अंगाच्या एका साळूकडे होती.

उन्हाळा लागला तशी गर्दी वाढली. सुरुवातीला सगळं ठीक चाले, पण पुढे पुढे बहुतेकांना उत्तरच मिळेना. जो तो उठे आणि साळूच्या बिळाशी येऊन गाऱ्हाणं सांगे. वानर म्हणाला, म्हातारी बहिरी झाली. रानडुकरानं तर विचारलंही नाही, सुळ्यानं उकरून आणखी पाच भोकं पाडून ठेवली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाराही भरली आणि कासवीण आधीपेक्षा जास्त दमली. साळू तरी कुठे दमली नव्हती? रोज तेच ऐकायचं, रोज तेच हेलपाटे.

एका दुपारी हरिणी पाडसाला घेऊन आली. जवळचं डबकं आटलं होतं. पाणी उगवतीला असेल की मावळतीला, ते कासविणीलाच ठाऊक, आणि पाडसाच्या अंगात एकाच वाटेपुरता जीव उरला होता. वाट चुकली की संपलं. पण बाराही भोकांत डहाळ्या.

"साळूताई, याचे पाय लटपटायला लागलेत," ती म्हणाली. "मला एवढं एकच विचारायचंय."

साळू खडकासमोर येऊन उभी राहिली. तिच्या मनात आलं, म्हातारी ज्याच्यापाशी पोचते त्याला एका दमात नेमकं सांगते. म्हणजे कान चांगले आहेत. मग तिनं पहिल्यांदाच गाऱ्हाणी ऐकायची सोडून नुसतं भोकांकडे पाहिलं. डहाळ्या बारा, आणि भोकांना तोंड लावून बसलेली जनावरं दोनच. बाकीच्या दहा वाळून गेलेल्या. उद्याची जागा धरून धनी केव्हाच चरायला गेले होते, आणि आत म्हातारी प्रत्येक वाळक्या काटकीपुढे "बोल बाळा" म्हणत ताटकळत होती.

साळूनं पहिली काटकी उपटली. दातानं तिरपी तोडलेली होती. "ही कुणाची?"

हरिणीनं पाहिलं आणि मान खाली घातली. "माझीच. आठ दिवसांपूर्वी गवताचं विचारलं होतं. काढायची राहिली."

उरलेल्या नऊ साळूनं एकेक करून काढल्या. हरिणीनं रिकाम्या भोकात ताजी डहाळी खोचली आणि पाण्याचं विचारलं. थोड्याच वेळात आतून आवाज आला, "उगवतीला जाऊ नको पोरी, तिथलं आटलंय. मावळतीला, करवंदीच्या जाळीमागे." पाडस वाटेत दोनदा बसलं. तिसऱ्यांदा बसणार, तोच त्याच्या नाकाला ओल लागली.

दुसऱ्या दिवसापासून साळूनं ठरवलं, पाला कोमेजला की डहाळी काढायची, मग ती कुणाची का असेना. वानर फुरंगटला, माझी जागा घालवली म्हणाला.

"जागा तुझी नव्हती रे, तुझ्या प्रश्नाची होती," साळू म्हणाली, आणि पुढची वाळकी काटकी काढायला कण्हत उठली.

तात्पर्य : काम झाल्यावरही अडवून ठेवलेली जागा कुणाच्या तरी जिवावर बेतते, आणि तो जीव कधी आपल्याच घरचा असतो.